बी पेरलंय

भावाच्या लग्नातल्या गोंधळाचं ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर आहे. धाराशिवच्या आमच्या अंगणात रात्री दीड-दोनच्या सुमारास कुणीतरी केलेलं. मध्येच भांडी पडतात, आत्या खोकते, एक पोर झोपेतून उठून रडायला लागतं. पण संबळ अगदी स्वच्छ ऐकू येतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे घानाच्या राजधानीत, अक्रात राहायला आलो, त्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात एका शनिवारी घर आवरताना मी तो गोंधळ स्पीकरवर मोठ्यानं लावला. पाचेक मिनिटं झाली नसतील, दारावर थाप पडली.

दारात घरमालकीण आंटी. घानात आईच्या वयाच्या बाईला आंटीच म्हणतात, तशी मीही म्हणते. रागावल्या नव्हत्या. दारातच थोडा वेळ संबळ ऐकत उभ्या राहिल्या, दोन बोटांनी मांडीवर ठेका धरला, मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "छान आहे गं मुली. पण आत्ता नको. बी पेरलंय."

मी स्पीकर बंद केला. बी पेरलंय म्हणजे काय, हे कळायला मात्र मला वर्ष लागलं.

अक्रा ही मूळची गा लोकांची भूमी. समुद्राकाठच्या जेम्सटाउन, ओसू, ला, तेशी, नुंगुआ ह्या त्यांच्या जुन्या वस्त्या. काचेच्या इमारतींचं आणि उड्डाणपुलांचं शहर त्यांच्याभोवती नंतर वाढलं. दरवर्षी मे महिन्याच्या सुमाराला गा पुजारी ठरलेल्या जागी विधीपूर्वक धान्य पेरतात, आणि तिथून पुढे साधारण महिनाभर ढोल वाजवायला, कर्णे लावायला, मोठ्यानं गायला बंदी असते. अंकुर फुटत असताना जमिनीला निवांतपणा हवा, जमिनीखालच्या पूर्वजांनाही हवा. महापालिका दरवर्षी ह्या तारखा जाहीर करते. आता हे शहर देशभरातून आलेल्या माणसांचं आहे. इथल्या चर्चमध्ये ड्रम आणि टाळ्यांशिवाय प्रार्थना होत नाही. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या शेवटी ह्या बंदीवरून चर्चवाले आणि गा तरुण यांच्यात मारामाऱ्यासुद्धा झाल्या होत्या. पुढे बोलणी झाली, समित्या बसल्या, दोन्हीकडच्या थोरांनी समजूत घातली. आजही दर मे महिन्यात कुठे ना कुठे कुरबुर होतेच. पण एवढं मोठं, एवढं बोलघेवडं शहर एका पेरणीसाठी आवाज खाली आणतं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ऐकलंय असंच म्हणावं लागेल, कारण त्या दिवसांत रात्री समुद्र ऐकू येतो. एरवी येत नाही.

ही शांतता ज्या सणाकडे घेऊन जाते तो होमोवो. ऑगस्टच्या सुमारास येतो. गा भाषेत 'होमो' म्हणजे भूक आणि 'वो' म्हणजे हिणवणं. आंटींनी मला हा अर्थ सांगितला तेव्हा माझ्या तोंडून पटकन आपला शब्द निघाला, हुर्यो. भुकेची हुर्यो. ह्याहून चपखल भाषांतर मला आजवर सुचलेलं नाही. गा लोकांची परंपरा सांगते, की ते पूर्वेकडून चालत ह्या किनाऱ्यावर आले. वाटेत की इथे पोचल्यावर, सांगणारे वेगवेगळं सांगतात, पण त्यांनी मोठा दुष्काळ भोगला. माणसं गेली. उरलेल्यांनी पेरणी केली, वाट पाहिली, पाऊस आला, कणसं भरली. त्या वर्षी पोटभर जेवल्यावर ते भुकेकडे बघून ओरडले, तिची टर उडवली. ती टर अजून चालू आहे.

सणाचा पदार्थ क्पोक्पोई. मक्याचं पीठ भिजवून आंबवतात, मग वाफवतात. गरम असतानाच त्यात लालभडक पामतेल घालून हातानं मोकळं करतात. आंटींच्या घरी मी ते करू लागले. आंबलेल्या पिठाचा वास आंबोळीच्या पिठासारखा, फक्त जास्त उग्र. तेल घातलं की पांढऱ्या पिठाला झेंडूचा रंग चढतो आणि आपली बोटंही संध्याकाळपर्यंत तशीच राहतात. सोबत पामफळांचं दाट सूप आणि मासा. जेवण्याआधी घरातले वडीलधारे काका अंगणात उभे राहिले, जमिनीवर मद्याची धार धरली, आणि गेलेल्यांना एकेका नावानं हाक मारली. मग मूठ मूठ क्पोक्पोई उंबऱ्यावर, भिंतीच्या कडेला, फाटकापाशी शिंपडलं. गावात राजाही असाच शिंपडत फिरतो. लोक त्याच्यामागून वाट काढत चालतात. जे जमिनीवर पडलं ते गेलेल्यांचं. त्यात दुष्काळात गेलेलेही आले, ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

नंतर सगळ्यांनी एकाच मोठ्या भांड्यातून खाल्लं. लहानमोठं, धनी-चाकर असा भेद त्या जेवणात पाळत नाहीत. माझा सात वर्षांचा मुलगा आणि ऐंशीच्या घरातले काका एकाच भांड्यात हात घालून माशाच्या तुकड्यासाठी झोंबत होते, आणि आंटी हसून हसून डोळे पुसत होत्या.

मला त्या दिवशी आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मिलो, म्हणजे तेव्हा खायला मिळालेली परदेशी ज्वारी, आणि सुकडी हे दोन शब्द तिच्या तोंडून मी इतके ऐकलेत, की मला त्यांची चव ठाऊक असल्यासारखं वाटतं. पण ती गेली आणि आमच्या घरातून तो दुष्काळ गेला. माझ्या मुलाला मिलो म्हणजे डब्यातून येणारी चॉकलेटची पूड वाटते. त्या दुष्काळावर लिहिलं गेलं, अहवाल आहेत, त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना आहे. आमच्याकडे नाही तो एक दिवस, ज्या दिवशी घरातलं लहान पोर हातात घास घेऊन विचारील, की हे जमिनीवर का टाकायचं?

तेव्हापासून घानातले सण मी जमतील तसे बघत गेले. सगळे बघणं शक्यच नाही. एवढ्याशा देशात जितक्या भाषा तितके सण, आणि प्रत्येक सणाच्या पोटात एखादं स्थलांतर, एखादी लढाई नाहीतर एखादी फजिती. मनात घर करून राहिला तो आन्लोगाचा.

आन्लोगा अक्राच्या पूर्वेला, केटाच्या खाऱ्या पाण्याच्या खाजणाशेजारी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, मधल्या वाळूच्या पट्टीवर माणसं छोट्या छोट्या वाफ्यांत कांदे पिकवतात. इथले आन्लो एवे लोक नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी होग्बेत्सोत्सो साजरा करतात. गोष्ट अशी: त्यांचे पूर्वज नोत्सेमध्ये राहत. ते गाव आजच्या टोगोत आहे. तिथला राजा आगोकोली क्रूर. मातीत काटे मिसळून पायानं तुडवायला लावायचा. एकदा त्यानं हुकूम सोडला, मातीचा दोर वळून आणा. म्हाताऱ्यांनी निरोप धाडला, "महाराज, जुना एखादा दोर नमुन्याला द्या, तसाच वळून देतो." गावाला भलीमोठी मातीची भिंत होती. बायकांनी एक युक्ती केली. रोज धुण्याभांड्यांचं पाणी भिंतीच्या एकाच जागी ओतायचं. दिवसांमागून दिवस. भिंत आतून भिजत गेली. मग एका रात्री मोठमोठ्यानं ढोल वाजवत ठेवले, पहारेकऱ्यांना वाटलं उत्सव चाललाय, आणि त्या आवाजाच्या आडोशानं मऊ झालेली भिंत फोडून सगळे बाहेर पडले. जाताना उलटे चालत गेले, म्हणजे सकाळी पाठलागावर येणाऱ्याला पावलं गावात शिरल्यासारखी दिसावीत.

अशा गोष्टी जगात कुठेही सापडतील, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण नोत्सेमध्ये त्या भिंतीचे अवशेष आजही आहेत, आणि आन्लोगात मी बायकांना उलटं चालताना पाहिलं. हुसागो नाचात ढोलाच्या ठेक्यावर पावलं मागे मागे पडतात. माझ्यासमोर एक म्हातारी होती, निळ्या कापडात, गळ्यात जाड मणी. ती मान वळवून बघत नव्हती. मागे काय आहे हे ठाऊक असल्यासारखा टाचेनं आधी जमिनीचा अंदाज घ्यायची, मग पाऊल टेकवायची. तिच्या शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी मात्र सारखी मागे वळून बघत होती. म्हातारीनं नाचतानाच तिच्या हनुवटीला बोट लावून तिचं तोंड पुढे केलं. पुन्हा वळली, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मुलगी वळली नाही.

हा सण ह्या रूपात १९६२ साली सुरू झाला. माझ्या आईहून वयानं लहान. हे कळल्यावर आधी मी हिरमुसले होते. आता तसं वाटत नाही. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झालेली, नकाशावर इंग्रजांनी, जर्मनांनी, फ्रेंचांनी आखलेल्या रेषांमुळे नोत्से एका देशात आणि आन्लोगा दुसऱ्यात. अशा वेळी ह्या लोकांनी ठरवलं, की जी गोष्ट आज्या चुलीपाशी सांगतात ती वर्षातून एकदा गावानं पायांनी सांगायची. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आणखी एक. सणाच्या आधीचे दिवस भांडणं मिटवण्याचे असतात. भावकीतले जुने वाद थोरांसमोर आणायचे, सोडवायचे, मग गाव झाडून काढायचा आणि मगच नाचायचं.

असांते लोकांच्या राजधानीत, कुमासीला, मी दोनदा गेले. पहिल्यांदा अक्वासिदे पाहायला. असांते राजाच्या मानहिया राजवाड्यात दर बेचाळीस दिवसांनी, रविवारी, हा दरबार भरतो. असांते ज्यांच्यातले त्या अकान लोकांच्या जुन्या पद्धतीचा सहा दिवसांचा आठवडा आणि सात दिवसांचा आठवडा एकत्र गुंफले की बेचाळीस दिवसांनी ते पुन्हा एकमेकांना भेटतात, तो हिशेब. आत पूर्वजांच्या आसनांना नैवेद्य दाखवला जातो. मोठा राजा गेला की त्याचं लाकडी आसन काळं करून वेगळ्या खोलीत ठेवतात. बाहेर अंगणात प्रचंड छत्रं खालीवर हलत असतात, सोन्याच्या मुठीच्या तलवारी, हस्तिदंती शिंगं, आणि राजाशेजारी गेलेल्या राजांची नावं आणि पराक्रम गाऊन सांगणारे भाट.

आणि आतुंपान. दोन मोठे ढोल, तिरके उभे केलेले, एक चढा आणि एक खर्जातला. असांत्यांच्या ट्वी भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या उंचीवर ठरतो. त्यामुळे ते दोन स्वर नीट वाजवले की ढोल अक्षरशः बोलतात, ऐकणाऱ्याला वाक्य कळतं. वादक आधी ज्या झाडाचा ढोल केला त्याला, ज्या हत्तीचं कातडं त्यावर चढवलं त्याला हाक मारतो, मग राजांच्या पूर्वजांना. क्वाबेना न्केतिया (१९२१–२०१९) ह्या घानाच्या संगीत अभ्यासकानं ह्या ढोलांची भाषा आणि बायकांचे मृत्युविलाप आयुष्यभर गोळा केले. नाहीतर किती वाक्यं वाजवणाऱ्यांबरोबरच गेली असती. मला ट्वीचे जेमतेम दहा शब्द येतात. पण एक चढा, एक खर्जातला, हे ऐकताना मी धाराशिवच्या अंगणात होते. संबळाचीही दोन तोंडं अशीच.

असांत्यांचा जीव आहे तो सोन्याच्या आसनात, सिका द्वा कोफी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओसेई तुतु राजाच्या काळात ओकोम्फो आनोक्ये ह्या पुजाऱ्यानं ते आभाळातून उतरवलं, असं सांगतात. त्यावर कुणी बसत नाही, राजासुद्धा नाही. ते बाहेर काढलं तर स्वतःच्या खुर्चीवर बसवतात, आणि फार क्वचित काढतात. मार्च १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसन कुमासीत आला आणि जमलेल्या सरदारांना म्हणाला, राणीचा प्रतिनिधी म्हणून मला बसायला ते आसन का आणलं नाही? राजा प्रेंपे तेव्हा हद्दपारीत होता. चार वर्षांपूर्वीच त्याला लढाईशिवाय पकडून नेलं होतं. पुरुष गप्प राहिले तेव्हा एजिसूची राजमाता याआ असांतेवा उभी राहिली आणि तिनं युद्ध पुकारलं. हरली. सेशेल्स बेटांवर हद्दपारीतच १९२१ साली वारली. पण आसन इंग्रजांना मिळालं नाही. ते पुरून ठेवलं होतं. १९२० साली रस्ता खोदणाऱ्या मजुरांना ते सापडलं, काहींनी त्यावरचं सोनं काढून घेतलं, आणि साऱ्या असांते मुलखावर अवकळा आली. त्यानंतर इंग्रज सरकारनं त्याला हात न लावण्याचं मान्य केलं.

१८७४ च्या लढाईत लुटलेलं बरंच सोनं मात्र लंडनला गेलं ते गेलंच. २०२४ साली, दीडशे वर्षांनी, त्यातल्या आणि तसल्या बत्तीस वस्तू लंडनच्या दोन संग्रहालयांनी मानहियाच्या संग्रहालयात पाठवल्या. उसन्या. तीन वर्षांसाठी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फाउलर संग्रहालयानं सात वस्तू कायमच्या परत केल्या. मी दुसऱ्यांदा गेले ती हे बघायला. माझ्यापुढे रांगेत एक असांते कुटुंब होतं, बापानं खांद्यावर पोरगी घेतली होती. काचेआडच्या सोन्याच्या चकतीखालची पाटी त्यानं तिला वाचून दाखवली. उसनी दिलेली हा शब्द आला तिथे तो थांबला. त्यानं ते वाक्य पुरं वाचलं नाही, पुढच्या पेटीकडे गेला. लुटून नेलेलं परत करताना उसनं म्हणायचं, ह्याची मला चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

पण ह्या सगळ्या झळाळीपेक्षा मला जास्त हलवून गेली ती त्यांची शपथ. असांत्यांच्या महाशपथेत दोनच शब्द महत्त्वाचे: कोरोमांते, हे एका जागेचं नाव, आणि शनिवार. ओसेई तुतु एका शनिवारी प्रा नदीपाशी दबा धरून बसलेल्या शत्रूकडून मारला गेला, त्या दिवसाची ही आठवण. हे शब्द सहज बोलायचे नाहीत. राजा मारला गेला हे तोंडानं म्हणायचंच नाही. कुणी ते उच्चारले तर तो प्रकरण थेट राजाच्या न्यायासनापुढे नेतो आहे असा अर्थ होतो, आणि खोटेपणानं उच्चारले तर जबर शिक्षा व्हायची. म्हणजे घराण्याचा सगळ्यात मोठा पराभव त्यांनी विजयस्तंभावर कोरला नाही, पुसलाही नाही. न बोलण्याच्या जागेवर ठेवला. तीनशे वर्षं झाली, तो शनिवार अजून कुणी विसरलेलं नाही.

कुमासीजवळच्या बोनविरे गावात केंते विणतात. विणकराच्या पायाच्या बोटांत दोऱ्या अडकवलेल्या, पाय वरखाली झाले की धागे सुटे होतात. पुढे लांबवर ताणलेला ताणा एका दगडाला बांधलेला, कापड विणलं जाईल तसा तो दगड मातीतून इंचाइंचानं सरकत येतो. निघते ती वीतभरही रुंद नसलेली पट्टी. अशा पट्ट्या एकमेकींना शिवून वस्त्र होतं. पैठणीवरच्या वेलीला, मोराला नाव असतं तसं इथे प्रत्येक नक्षीला नाव आहे. एका नक्षीबद्दल मी विचारलं तर विणकर हसला आणि म्हणाला, कुठलं सांगू? पूर्वी तिचं नाव होतं 'फातिया फाता न्क्रुमा'. घानाचे पहिले नेते क्वामे न्क्रुमा यांनी १९५७ च्या अखेरीला इजिप्तच्या फातियाशी लग्न केलं, ही त्यांच्या मानाची नक्षी, फातिया न्क्रुमांना शोभते. पुढे न्क्रुमांनी एकपक्षीय सत्ता आणली, २४ फेब्रुवारी १९६६ ला सैन्यानं त्यांना उलथवलं, आणि त्याच नक्षीचं नाव झालं 'ओबाकोफो म्मु मान', एकट्या माणसानं राज्य चालत नाही. एक धागा बदलला नाही. विणकराला दोन्ही नावं ठाऊक आहेत आणि तो दोन्ही सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं केंतेला मानवतेच्या वारशात घेतलं. चांगलंच झालं. पण मला वाटतं खरा वारसा त्या 'कुठलं सांगू' मध्ये आहे.

लोकस्मृती तारखांच्या बाबतीत कच्ची असते, हेही सांगायला हवं. आदिंक्रा कापडावर भोपळ्याच्या कोरीव ठशांनी चिन्हं उठवतात. ती कला शेजारच्या ग्यामान राज्याच्या आदिंक्रा राजाकडून आली, असांत्यांनी त्याला हरवलं तेव्हा, असं सगळे सांगतात. ती लढाई १८१८ च्या सुमाराची. आणि बौडिच नावाच्या इंग्रजानं कुमासीत मिळवलेलं आदिंक्रा कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, १८१७ सालचं. गोष्ट तारखेला टिकत नाही. तरी ती सांगतात, कारण हरलेल्या राजाचं नाव जिंकलेल्यांच्या शोकवस्त्राला मिळालं, ह्यात काहीतरी देणं फेडल्याची भावना असावी. हा माझा अंदाज.

उत्तरेच्या दाग्बोन राज्यात मी अजून गेले नाही. तिथे लुन्सी नावाचे वंशपरंपरागत ढोलवादक सणाच्या आदल्या रात्री राजवाड्यासमोर बसून पहाटेपर्यंत राजघराण्याचा इतिहास गातात. त्यातले काही प्रसंग गाण्याआधी बळी द्यावा लागतो, आणि काही ठाऊक असूनही चारचौघांत गात नाहीत, कारण ऐकणाऱ्यांत कुणाचा तरी पणजोबा त्यात निघतो.

ही न बोलण्याची बाजू मला केप कोस्टच्या किल्ल्यात सगळ्यात जड गेली. गुलामांना कोंडायच्या तळघरात उजेड येतो तो भिंतीत उंचावरच्या एका भोकातून. पुरुषांच्या कोठडीच्या बरोबर वर इंग्रजांचं प्रार्थनागृह होतं. त्याच कोठडीत आज नाना ताबिर ह्या देवाचं ठाणं आहे. किल्ला ज्या खडकावर बांधला तो त्याचा खडक, म्हणून तो तिथे परत आला. मी बाहेर येऊन उन्हात बसले तेव्हा मनात एकच प्रश्न होता: इतके सण पाहिले, इतके ढोल ऐकले, पण आतल्या मुलखातून माणसं धरून इथवर कुणी आणली, ह्याचा सण का नाही?

परत आल्यावर आंटींना विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी ट्वीतलं एक वचन सांगितलं, 'ओबी न्चेरे ओबी आसे', कुणी कुणाचं मूळ उघड करू नये. असांते राज्याच्या पायाभरणीपासून पाळलेला नियम. ज्या घरात कधीकाळी गुलाम म्हणून आलेली बाई होती, तिची लेकरं त्याच घराची झाली, त्यांना तसं म्हणायचं नाही. "चांगला नियम आहे," आंटी म्हणाल्या. "आणि त्याच्या आड आम्ही खूप काही लपवलंय."

त्या दिवशी मी त्यांना आईनं सोबत दिलेली कवड्यांची माळ दाखवली, तुळजापूरची. त्यांनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "सेडी!" घानाचं चलन सेडी, आणि त्या नावाचा अकान भाषेतला अर्थच कवडी. जुन्या एक सेडीच्या नाण्यावर कवडीचं चित्र होतं. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या आपल्याकडच्या बंदरांतून आणि सिलोनमधून ॲमस्टरडॅम-लंडनला जायच्या, तिथून जहाजं भरून पश्चिम आफ्रिकेत, आणि त्या मोजून माणसं विकत घेतली जायची. हे मी आंटींना सांगितलं तेव्हा माझा आवाज कापत होता. देवीच्या गळ्यातली, आमच्या गोंधळ्यांच्या अंगावरची, शिवाजी महाराजांच्या चित्रात दिसते ती कवडी. आंटींनी माळ माझ्या हातात परत दिली नाही. स्वतः उठून माझ्या गळ्यात घातली.

१९९८ साली घानात पहिल्यांदा मुक्तिदिन, गुलामगिरी संपल्याचा दिवस, साजरा झाला. तेव्हा जमैकातून क्रिस्टल नावाच्या एका गुलाम बाईचे आणि न्यूयॉर्कहून सॅम्युएल कार्सन ह्या एकेकाळच्या गुलामाचे अवशेष आणले, आणि केप कोस्टच्या ज्या दारातून माणसं बाहेर नेत त्याच दारातून आत घेतले. तिथून त्यांना आसिन मान्सोला नेलं, जिथल्या नदीत किनाऱ्याकडे हाकलेल्या माणसांना शेवटची आंघोळ घालत, आणि पुरलं. त्या दाराच्या समुद्राकडच्या बाजूला आता 'परतीचं दार' अशी पाटी आहे. दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे माणसं जमतात. आंटी त्या वर्षी गेल्या होत्या. पेट्या दारातून आत येताना कुणी ढोल वाजवला का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, आठवत नाही, मी रडत होते.

यंदाच्या मे महिन्यात पेरणी झाली तशी मी घरातले सगळे आवाज खाली आणले. मुलाला सांगितलं, बी पेरलंय. त्यानं का म्हणून विचारलं. मी त्याला भुकेची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता आजीची, खडीची, मिलोची पण सांगितली. महिनाभर तो पावलं न वाजवता जिना चढायचा.

बंदी उठवण्याचा दिवस म्हणजे ओदादाओ. जुन्या अक्रात ग्बेसेच्या राजासमोर ढोलावर पहिली थाप पडते आणि महिनाभर दाबून धरलेलं शहर एकदम सुटतं. आम्ही गर्दीत पार मागे होतो, ढोल दिसलाच नाही, फक्त ऐकू आला, आणि त्याच क्षणी पुढची सगळी डोकी एकदम वर उसळली. घरी येईपर्यंत रस्त्यारस्त्यावर कर्णे चालू झाले होते.

संध्याकाळी दारावर थाप पडली. आंटी होत्या. सोबत त्यांचा नातू, हातात पत्र्याचा डबा आणि दोन काड्या.

"लाव," त्या म्हणाल्या, "ते तुमचं दोन ढोलांचं."

मी गोंधळ लावला. आत्या खोकली, पोर रडलं, आणि संबळ सुरू झाला. नातवानं डब्यावर आधी मोठी बाजू शोधली, मग बारीक.